शहापूरचे पाणी कोण पिते?

शहापूर तालुक्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यात पडतो त्याच्या हा जवळजवळ तिप्पट. याच तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही तीन मोठी धरणे आहेत. तरीही होळी उलटली की कसाऱ्याच्या आसपासच्या डोंगराळ भागातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात, विहिरीच्या तळाशी बायका वाटीने हंडा भरू लागतात, आणि नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून डवरे खणले जातात. शेजारच्या मुरबाड तालुक्यातही चित्र फारसे वेगळे नाही.

हे पाहून कोणीही सरळ विचारतो: एवढा पाऊस, एवढी धरणे, मग टँकर कशाला?

त्यावर दोन उत्तरे तयार असतात. ‘लोकसंख्या फार वाढली, जमीन आणि पाणी पुरणार कसे?’ हे शहरात ऐकू येते. ‘आमचे पाणी मुंबईने नेले’ हे शहापूरच्या एसटी स्टँडवर. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण पहिल्या उत्तरात वाढलेली माणसे नेमकी कुठे आहेत ते कळत नाही, आणि दुसऱ्यात नेलेले पाणी किती होते व गावाला किती पुरले असते याचा हिशेब नसतो. या प्रकरणात हा हिशेब क्रमाक्रमाने मांडायचा आहे.

१. माणसे वाढली, पण कुठे?

२०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख १४ हजारांच्या आसपास भरली आणि मुरबाडची १ लाख ९० हजारांच्या. दोन्ही मिळून ५ लाख. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईत १ कोटी २४ लाख माणसे होती. १९५१ साली मुंबईत सुमारे ३० लाख लोक राहत होते. म्हणजे साठ वर्षांत शहर चौपट झाले.

या काळाच्या अखेरीस मुंबईच्या पोटातली वाढ मंदावली आणि ती कडेकडेने पसरू लागली. ठाणे जिल्हा २००१ मध्ये ८१ लाखांचा होता, २०११ मध्ये १ कोटी १० लाखांचा झाला. त्या वर्षी तो भारतातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा काढावा लागला.

दहा वर्षांत ३६ टक्के वाढ हा आकडा वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. त्यासाठी एक सोपी रीत आहे. वर्षाला जितके टक्के वाढ होते, त्या आकड्याने ७० ला भागायचे. उत्तर येईल तितक्या वर्षांत लोकसंख्या दुप्पट होते. ठाणे जिल्ह्याची वाढ वर्षाला साधारण ३ टक्के होती. ७० भागिले ३, म्हणजे सुमारे २३ वर्षे. आता कुळगाव-बदलापूर घेऊ. २००१ मध्ये तिथे ९८ हजारांच्या आसपास वस्ती होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजार झाली. वाढीचा वेग वर्षाला जवळजवळ ६ टक्के. ७० भागिले ६, म्हणजे अवघी १२ वर्षे. पहिलीत गेलेले मूल बारावीत पोचते तोवर गाव दुप्पट. तेवढ्या काळात रस्ते, शाळा, दवाखाने कसेबसे दुप्पट करता येतात. नदी दुप्पट करता येत नाही.

ही वाढ पाळण्यांची आहे का? फारशी नाही. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, या आकड्याला जननदर म्हणतात. तो २.१ च्या आसपास असला की पिढीची जागा पिढी घेते आणि कालांतराने लोकसंख्या स्थिरावते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, देशाचा २.०. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. शंभर वर्षांनी महाराष्ट्रातल्या घराघराने त्यांचे म्हणणे मान्य केले आहे.

मग शहरे का फुगतात? एक तर तरुणांची संख्या मोठी आहे. प्रत्येक जोडप्याला दोनच मुले झाली तरी जोडपीच जास्त असल्यामुळे काही दशके एकूण आकडा वाढत राहतो. दुसरे, आणि इथे अधिक महत्त्वाचे कारण स्थलांतराचे. कोकण, देश, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार अशा सगळीकडून माणसे कामासाठी मुंबईच्या पट्ट्यात येतात. ती निसर्गावर नवा भार म्हणून जन्माला आलेली नसतात. त्यांचा भार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर येतो. मात्र शहरात आल्यावर त्या प्रत्येकामागचा पाण्याचा, विटांचा, विजेचा खर्च वाढतो. ‘लोकसंख्या वाढली’ म्हणताना डोकी मोजून भागत नाही. प्रत्येक डोक्यामागे किती लागते आणि ते कुठून आणले जाते, हेही मोजावे लागते.

२. शहराची तहान डोंगराकडे सरकते

बेटावरच्या मुंबईला विहिरी आणि तळी पुरत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती अपुरी पडली. १८५४ च्या टंचाईनंतर शहराबाहेर धरण बांधायचा निर्णय पक्का झाला आणि १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईत आले. १८७९ मध्ये तुळशी तलाव. हे दोन्ही आज मुंबईच्या हद्दीतच आहेत.

तेही पुरेनात तेव्हा इंग्रज अभियंत्यांची नजर शहापूरच्या जंगलाकडे वळली. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले आणि शहापूरचा मुंबईशी पाण्याचा संबंध जुळला. तिथून पुढचा क्रम असा: १९५७ मध्ये वैतरणा नदीवर मोडकसागर, ज्याला मुंबईचे अभियंता एन. व्ही. मोडक यांचे नाव मिळाले. १९७३ मध्ये इगतपुरीकडे ऊर्ध्व वैतरणा. १९८० च्या दशकात भातसा. आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात कोचाळे इथले मध्य वैतरणा. दर धरणागणिक शहर एक पाऊल सह्याद्रीच्या कड्याकडे टाकत गेले आहे.

पावसाळ्यात वर्तमानपत्रे मुंबईच्या सात तलावांचा तक्ता छापतात. त्यातले आकडे जरा जोडून पाहू. सातही तलाव काठोकाठ भरले तर त्यांत वापरण्याजोगे पाणी १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होते. (एक दशलक्ष लिटर म्हणजे दहा लाख लिटर; दहा हजार लिटरचे शंभर टँकर.) याला ३६५ ने भागले की रोजचे सुमारे ३,९६५ दशलक्ष लिटर येतात. मुंबई महापालिका रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पुरवते. थोडक्यात, वर्षभराची साठवण वर्षातच संपते. हातात शिल्लक उरत नाही. म्हणूनच जुलै कोरडा गेला की मुंबईत लगेच पाणीकपातीची भाषा सुरू होते.

आता त्याच तक्त्यात शहापूर तालुक्यातली तीन नावे शोधू. भातसा ७ लाख १७ हजार, तानसा १ लाख ४५ हजार, मोडकसागर १ लाख २९ हजार. बेरीज ९ लाख ९१ हजार दशलक्ष लिटर. एकूण साठ्याच्या शंभर भागांतले अडुसष्ट. मुंबईकराच्या प्रत्येक तीन ग्लासांतले दोन शहापूरच्या धरणांत साठलेले असतात. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य ठळक अक्षरांत छापायला हवे. अनेक मुंबईकरांना ते आयुष्यात कधी कोणी सांगितलेले नसते.

मुरबाडची गोष्ट वेगळ्या नदीची आहे. मुरबाड आणि बदलापूरच्या सीमेवर बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये धरण बांधले, ते मुळात कारखान्यांसाठी. पुढे त्याचे पाणी कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथपासून पार मिरा-भाईंदरपर्यंत घरगुती वापराला जाऊ लागले. मिरा-भाईंदरची वस्ती २००१ मध्ये ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. समुद्राच्या खाडीकाठी इमारती उठल्या, आणि त्यांच्यासाठी धरणाची भिंत मुरबाडच्या बाजूला वाढवावी लागली.

३. पालथा घडा

इतका पाऊस पडून गावच्या विहिरी कोरड्या का पडतात, हे समजायला जमिनीखाली बघावे लागते.

सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा बनलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर साचून जो काळा कातळ तयार झाला, तो बेसॉल्ट. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात जमिनीखाली शेकडो फूट गाळ आणि वाळू आहे, तिच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी साठते. बेसॉल्टला अशा पोकळ्या फार कमी. पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या खडकात, मुरुमात, आणि दोन थरांमधल्या भेगांत. हा मुरुमाचा थर डोंगरउतारावर काही फुटांचाच असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो भरतो, आणि भरल्यावर वरचा सगळा पाऊस म्हणजे पालथ्या घड्यावरचे पाणी.

त्यात उताराची भर. माळशेजच्या वर हरिश्चंद्रगड १,४०० मीटरहून उंच आहे, आणि पायथ्याची मुरबाडची गावे काही किलोमीटरवर शंभर-दीडशे मीटर उंचीवर. वर पडलेले पाणी तासाभरात ओढ्याला लागते, ओढा काळू-शाई-भातसेला मिळतो, आणि नदी खाडीकडे धावते. विहिरीत जे झिरपते ते दिवाळीपर्यंत वर असते, शिमग्याला तळ दाखवते. पुढच्या तीन महिन्यांत पाडा जगतो तो डवऱ्यांवर आणि टँकरवर.

बोअर मारून प्रश्न सुटत नाही, त्याचे कारणही हेच. भेग लागली तर पाणी, नाही तर कोरडा खड्डा. आणि लागलेली भेग शेजाऱ्याच्या विहिरीचीही असते. एका फार्महाउसची खोल बोअर सुरू झाल्यावर खालच्या वाडीची विहीर महिनाभर आधी आटली, ही तक्रार या भागात नवी नाही.

या कातळाचा एक गुण मात्र आपल्या पूर्वजांनी बरोबर ओळखला होता. जो दगड पाणी पीत नाही, तो पाणी गळूही देत नाही. मुरबाडहून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, प्रवाशांसाठी कातळात टाकी खोदली गेली. माहुली आणि गोरखगडावरही अशीच टाकी आहेत. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवण्याचे काम ती करत होती. ज्या डोंगरावर आज एप्रिलमध्ये घशाला कोरड पडते, तिथे गडावरची शिबंदी याच पावसावर राहत होती.

४. पाणी वर चढत नाही

धरण दिसते, पण त्याचे पाणी पाड्याला का मिळत नाही? यात कारस्थान शोधण्याआधी नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहाव्यात.

धरण नेहमी दरीत बांधतात. लोक राहतात ते कड्यावर, माळावर, कारण खालची सपाट जमीन एक तर भाताची असते नाही तर बुडालेली. मुंबई धरणाच्या खाली आहे. तानशाचे पाणी निव्वळ उताराने शहराकडे जाते. एकोणिसाव्या शतकात विजेचे पंप नसताना ते शक्य झाले ते यामुळेच. भातशाचे पाणी आधी नदीत सोडतात, ते वाहत भिवंडी तालुक्यात पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे पंपाने उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून मुंबईकडे पाठवतात. ठाणे, भिवंडी आणि जलवाहिनीच्या वाटेवरच्या काही गावांनाही पालिका पाणी देते. पण पाडा धरणाच्या वर. त्याच्यासाठी पाणी उचलावे लागते, आणि उचलायला वीज लागते. विजेचे बिल भरायचे ग्रामपंचायतीने, जिची वर्षाची वसुली त्या बिलाइतकीही नसते. गेल्या चाळीस वर्षांत या तालुक्यांत बांधून पूर्ण झालेल्या कितीतरी लहान नळयोजना अशाच बंद पडल्या: मोटार जळाली, बिल थकले, वाहिनी फुटली, आणि टाकी तेवढी गावच्या वेशीवर उभी राहिली.

दुसरा अडसर मालकीचा. धरणाची भिंत एका खात्याची, जमीन वनखात्याची, पाण्याचे आरक्षण शहराचे, गावाला नळ द्यायची जबाबदारी जिल्हा परिषदेची. जंगलातून सहा इंची नळ न्यायचा तरी परवानगीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर वर्षभर फिरतो.

उंचीचे कोडे सोडवण्याचा एक शहाणपणाचा मार्ग म्हणजे वरून पाणी आणणे. इगतपुरी घाटमाथ्यावर आहे आणि तिथले भावली धरण कसाऱ्याच्या कितीतरी वर. तिथून उताराने शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणण्याची योजना आखली गेली ती याच तत्त्वावर. जे गुरुत्वाकर्षण शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईची सेवा करते आहे, तेच शहापूरच्या कामी यावे, ही कल्पना अत्यंत योग्य आहे.

पाण्यावाचून घराची घडी कशी बदलते याचे उदाहरण याच तालुक्यातले आहे. २०१५ मध्ये शहापूरमधल्या डेंगणमाळ या गावाची बातमी देशोदेशी पोचली. घरात पाणी भरायला माणूस हवे म्हणून काही पुरुषांनी दुसरे, तिसरे लग्न केले होते, आणि अशा बायका बहुतेक विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या. बातमीचा सगळा भर लग्नांवर राहिला. उन्हाळ्यात घरापर्यंत एक नळ आला असता तर त्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला असता, ही त्यातली खरी गोष्ट मागे पडली.

५. बुडालेली गावे, थांबलेले धरण

शहराला लागणाऱ्या पाण्याची किंमत मुरबाडने जमिनीच्या रूपात मोजली आहे. बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव उंचीपर्यंत पाणी अडवले तेव्हा तोंडली, मोहघर यांसारख्या गावांच्या शिवारात ते शिरले. घरटी एकाला नोकरी द्यायचा निर्णय झाला, त्यासाठी विस्थापितांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. भातसा प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसनाचे प्रश्न तर दुसऱ्या पिढीपर्यंत येऊन पोचले.

काळू नदीवरचे धरण हे त्याहून बोलके प्रकरण. मुंबई महानगर प्रदेशाला पाणी देण्यासाठी मुरबाड तालुक्यात या धरणाचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले. त्याखाली सुमारे १ हजार हेक्टर वनजमीन जाणार होती, आणि वनखात्याची मंजुरी मिळायच्या आधीच भिंत उठू लागली होती. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. बुडणाऱ्या गावांत बहुसंख्य आदिवासी: ठाकूर, कातकरी, महादेव कोळी. त्यांची मागणी गुंतागुंतीची नव्हती. कायदा पाळा, ग्रामसभेला विचारा, आणि आमच्या गावाला काय मिळणार ते आधी सांगा.

पलीकडे वाडा तालुक्यात गारगाई नदीवर मुंबईसाठी आणखी एक धरण प्रस्तावित आहे, रोज ४४० दशलक्ष लिटरचे. त्याचे क्षेत्र तानसा अभयारण्यात येते. साग, ऐन, खैराचे हे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. एके काळी नामशेष मानला गेलेला रानपिंगळा २०१४ मध्ये इथेही आढळला. शिवाय हेच जंगल तानशाचे पाणलोट सांभाळते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात म्हणून धरणात गाळ कमी येतो. एका धरणासाठी दुसऱ्या धरणाची राखण करणारे जंगल तोडणे, हा सौदा कुठल्याही हिशेबात बसत नाही.

६. पाण्याबरोबर आणखी काय जाते

शहर फक्त पाणी मागत नाही. त्याच्या प्रत्येक मजल्याला विटा लागतात, आणि वीट म्हणजे भाजलेली सुपीक माती. दिवाळी झाली, भात निघाला, की मुरबाड-शहापूरची कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडण्यात हंगाम संपतो. मुलांची शाळा अर्ध्या वर्षावर तुटते. गावात पाणी आणि काम नाही म्हणून ही माणसे शहराच्या कडेला जातात, आणि तिथे ज्या इमारतींच्या विटा पाडतात त्यांच्यासाठी पुन्हा गावचे पाणी जाते. हे चक्र लोकसंख्येच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

दगडखाणी आणि खडीच्या यंत्रांनी डोंगर पोखरले जातात. महामार्गालगत गोदामे, शनिवार-रविवारची घरे, प्लॉटिंग वाढले आहे. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. रस्ता चांगला झाला की जमिनीचा भाव वाढतो, आणि वरकस जमीन, जिच्यावर नाचणी-वरी पिकायची, ती आधी विकली जाते.

गावचा स्वतःचा ताण नाही असे नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजायला ऐनाच्या फांद्या तोडल्या जातात, सरपणाला जंगल लागते, आणि कुटुंबे विभागली तशी जमिनीचे तुकडे लहान झाले. पण दोन ताणांची मापे एक नाहीत. पाड्यावरचे घर जंगलातून मोळी आणते ती दुसऱ्या दिवशीच्या भाकरीसाठी. शहराची मागणी वर्षाला टक्क्यांनी वाढते आणि तिला कुठे थांबायचे हे कोणी ठरवलेले नाही.

७. हंड्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे. सरकारी नियमानुसार टंचाईच्या काळात टँकरने माणशी रोज २० लिटर पाणी द्यायचे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घराला नळाने माणशी ५५ लिटर देण्याचे ठरवले. शहरी इमारतींसाठी सर्वसाधारण मानक १३५ लिटरचे. मुंबईच्या ३,९०० दशलक्ष लिटरला तिथल्या माणसांनी भागले तर माणशी ३०० लिटरच्या आसपास आकडा येतो. तो सगळ्यांना सारखा मिळत नाही, हेही लगेच सांगायला हवे. मुंबईच्या झोपडवस्त्यांसाठी नियमच ४५ लिटरचा होता, आणि कितीतरी वस्त्यांत पहाटे तीनला उठून तेवढेही भरता येत नाही. शहापूरची बाई आणि मानखुर्दची बाई एकाच वाटपाच्या दोन टोकांना रांगेत उभ्या आहेत.

शहापूर आणि मुरबाडच्या सगळ्या ५ लाख माणसांना रोज ५५ लिटर द्यायचे ठरवले तर किती लागेल? ५ लाख ५ हजार गुणिले ५५, म्हणजे सुमारे २ कोटी ७८ लाख लिटर, २८ दशलक्ष लिटर. मुंबईच्या रोजच्या पुरवठ्याशी ताडून पाहा. शंभर लिटरमागे पाऊण लिटरसुद्धा नाही. मुंबईच्या वाहिन्यांतून गळती आणि चोरीत जाणारे पाणी पाव हिश्श्याच्या आसपास सांगितले जाते. त्यातून या दोन तालुक्यांची गरज तीसहून अधिक वेळा भागेल.

यावरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. शहापूर-मुरबाडची तहान ही माणसे जास्त झाल्यामुळे लागलेली नाही. १७९८ मध्ये माल्थस यांनी मांडले की लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि शेवटी निसर्ग तिला आवर घालतो. हा विचार आजही लोकांच्या मनात घट्ट आहे. पण इथे ज्यांची संख्या सर्वांत कमी, ज्यांचा वापर सर्वांत कमी, त्यांनाच निसर्गाची टंचाई सर्वांत आधी भोगावी लागते. एखादा प्रदेश किती माणसांचा भार पेलू शकतो याला धारणक्षमता म्हणतात. मुंबईने आपली धारणक्षमता केव्हाच ओलांडली आणि उरलेला भार शंभर किलोमीटरवरच्या डोंगरावर ठेवला.

८. करण्याजोगे काय आहे

पहिले काम डोंगरावरच, आणि छोटे. चाळीस चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर घेऊ. अडीच मीटर पाऊस म्हणजे त्यावर वर्षाला १ लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर, फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस, लागतात १२ हजार लिटर. छपरावरच्या पाण्याचा आठवा हिस्सा. घराशेजारी तेवढी बंद टाकी बांधली तर त्या घराला टँकरची वाट पाहावी लागत नाही. ओढ्यांवर पोत्यांचे वनराई बंधारे, जुन्या विहिरींतला गाळ काढणे, पाड्याच्या वरच्या अंगाला झाडे राखणे, हे सगळे त्याच्या जोडीला. नाणेघाटातल्या टाक्यांचे तत्त्व, सिमेंटमध्ये.

दुसरे काम शहरात, आणि मोठे. मुंबई धुऊन-न्हाऊन झालेले बहुतेक पाणी समुद्रात सोडते. आता वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणी रोज २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहत आहेत. त्यातले निम्मे पाणी बांधकाम, कारखाने, बागा आणि शौचालयांना वापरले तरी दोन गारगाईंहून अधिक पाणी हाती येते, एकही झाड न तोडता. मनोरी इथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा २०० दशलक्ष लिटरचा प्रकल्पही आखला आहे. तो महाग आहे, त्याला वीज फार लागते. पण त्याची किंमत निदान मुंबईच्या बिलात दिसते. बुडालेल्या शिवाराची किंमत कोणाच्याच बिलात दिसत नाही.

तिसरे काम कागदावरचे, आणि तेच सर्वांत अडलेले. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. पण धरणाच्या पाण्याचे वाटप ठरते तेव्हा पिण्याचे पाणी म्हणजे शहराचे पिण्याचे पाणी असे गृहीत धरले जाते. ज्या पाणलोटात पाऊस पडला, तिथल्या गावांचा वाटा आधी राखून ठेवायचा आणि मग उरलेल्याचे आरक्षण करायचे, हा नियम प्रत्येक धरणाला लागू करता येईल. त्यासाठी लागणारे पाणी किती, हे वर पाहिलेच: दोन्ही तालुके मिळून रोज २८ दशलक्ष लिटर. ते उचलायचे वीजबिल पाणी वापरणाऱ्या महापालिकांनी भरावे. मुंबईच्या पाणीपट्टीत त्याने पडणारा फरक घरटी महिन्याला कळणारही नाही इतका लहान असेल.

काळू, गारगाई किंवा आणखी कुठल्या धरणाचा प्रस्ताव पुन्हा पुढे येईल, तेव्हा मुंबई-ठाण्याच्या वाचकाने आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला एकच प्रश्न विचारावा: भातसा, तानसा, मोडकसागर आणि बारवीच्या काठावरच्या प्रत्येक पाड्यात नळ पोचला का? उत्तर ‘नाही’ असेल, तर नव्या भिंतीचा पहिला दगड बसण्याआधी ते काम पुरे करून घ्यावे.